शिंगे कोणाच्या डोक्यावर?

सैतानाला शिंगे असतात हे आपणांस कोणी सांगितले? शब्बाथ शाळेतील एखाद्या मुलाला सैतानाचे चित्र काढावयास सांगावे. तो आधी दोन शिंगे काढतो, मग शेपूट, मग खूर, आणि कागद उरला तर हातात एक त्रिशूळ. हे कोठे वाचलेस असे विचारले तर तो बेधडक पवित्र शास्त्राचे नाव सांगेल. मुलाचे काय घेऊन बसलात, वडील माणसेही तेच सांगतील.

पवित्र शास्त्रात शिंगे पुष्कळ आहेत, पण ती भलत्याच ठिकाणी आहेत. वेदीला चार शिंगे होती, आणि जिवाच्या भीतीने पळालेला अदोनीया तीच शिंगे धरून बसला (१ राजे १:५०). इसहाकाच्या जागी जो एडका अर्पण झाला तो झुडपात शिंगांनीच अडकला होता (उत्पत्ती २२:१३). दावीद परमेश्वराला शिंगाची उपमा देतो, आणि जखऱ्या याजक येणाऱ्या तारणाऱ्याविषयी बोलताना तीच उपमा घेतो (लूक १:६९). प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील अजगराला दहा शिंगे आहेत हे खरे, आणि तो अजगर म्हणजे सैतान हेही तेथे स्पष्ट आहे. परंतु त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वधलेल्या कोकऱ्याला सात शिंगे आहेत! शिंग म्हणजे बळ, शिंग म्हणजे सत्ता. ती कोकऱ्याजवळ आहे तशी अजगराजवळही आहे, म्हणून नुसते शिंग पाहून दोघांतला फरक कळावयाचा नाही. तेराव्या अध्यायात तर असे एक श्वापद येते की त्याची शिंगे कोकऱ्यासारखी आणि बोलणे अजगरासारखे. ओळख शिंगांवरून नव्हे, बोलण्यावरून होते.

गंमत अशी की, ज्या थोर पुरुषाला शिंगे नव्हती त्याला मात्र ती चिकटली. सीनाय डोंगरावरून उतरताना मोशेचे मुख तेजस्वी झाले होते (निर्गम ३४:२९). तेथील हिब्रू शब्दाचे जेरोमने लॅटिन भाषेत ‘शिंगे असलेले’ असे भाषांतर केले आणि मायकेलअँजेलोने घडविलेला मोशे आजही रोममधील एका चर्चमध्ये डोक्यावर दोन शिंगे घेऊन बसला आहे.

हा विषय काढण्याचे कारण मात्र रोममध्ये नाही, सुरतेत आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडाच्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. श्रावणात येथे कानबाई बसते, गल्लीत अहिराणी ऐकू येते. या वस्तीत आपलीही काही घरे आहेत. त्यांची उपासना येथे, पण शेत आणि भाऊबंद तिकडे गावी. अशाच एका घरच्या प्रार्थनासभेत एका तरुणाने विचारले, “आमच्या बांधावर म्हसोबा आहे. वाटणीत तो तुकडा आमच्याकडे आला. हा म्हसोबा सैतान आहे काय? दगड उपटून नदीत टाकू काय?” सभेतील एक वडील म्हणाले, “टाक, आजच टाक.” दुसरे म्हणाले, “दगड तो दगड, त्याला काय विचारतोस?” दोघांनाही उत्तर फार लवकर सापडले.

म्हसोबा आपल्या वाचकांना नवा नाही. बांधावर, नदीकाठी किंवा झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड, त्यावर ना छप्पर ना कळस. पेरणीच्या आणि मळणीच्या वेळी नारळ, नवस फेडताना कोंबडे किंवा बकरे. त्याच्या नावात म्हैस आहे असे अभ्यासक सांगतात. म्हणजे हा रेड्याच्या शिंगांचा देव, महिष. त्याचा संसार नाही, म्हणून तर ‘म्हसोबाला नव्हती बायको आणि सटवाईला नव्हता नवरा’ ही म्हण. तो पिकाची राखण करतो अशी श्रद्धा, आणि तो कोपला तर जनावर दगावते अशी भीती. करणी करणारेही त्याचेच नाव घेतात असे गावोगाव बोलले जाते.

आता याच महिषाला तुळजापुरास पाहा. तेथे देवी महिषासुरमर्दिनी आहे आणि महिष तिच्या पायाखाली आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांची सोंगे रात्रभर नाचतात, आणि अखेरीस शिंगांचा मुखवटा घातलेला महिषासुर देवीच्या हातून मारला जातो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या इंग्रजी पुस्तकात या कोड्याचा माग काढला. त्यांच्या मते बांधावरचा म्हसोबा आणि देवीने मारलेला महिषासुर हे मुळात एकच. गुराख्यांचा हा देव आणि त्याआधीच्या लोकांची माता कोठे भांडली, कोठे एकमेकांची सोयरी झाली. कथा दोन्ही उरल्या. पुरंदर तालुक्यातील वीर येथे माघ महिन्यात म्हस्कोबाचे जोगूबाईशी लग्न लागते, ते कोसंबींनी याच संदर्भात पाहिले आहे. तेथील भक्त मात्र आपल्या देवाला काळभैरव म्हणतात. कोसंबी मार्क्सवादी होते, त्यांचे सगळेच आपण घ्यावे असे नाही. पण डोळ्यांसमोर असलेली गोष्ट नाकारता येत नाही. रेड्याच्या शिंगांचा तो एकच पुरुष देवळात राक्षस आहे आणि देवळापासून कोसभर अंतरावर शेताचा राखणदार आहे. तो राक्षस की देव, हे त्याच्या शिंगांवर नव्हे, आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत यावर ठरते!

आणि शेतकऱ्याला शिंगांची भीती कशी असावी? पोळ्याच्या दिवशी तो बैलाची शिंगे घासतो, रंगवतो, बेगड लावतो, टोकांना शेंब्या बसवतो. शिंगाच्या जनावराने नांगर ओढला म्हणून घरात भाकर आली.

युरोपातही हेच घडले. पॅरिस येथे १७१० साली नोत्र दाम चर्चच्या खाली खोदताना एका जुन्या स्तंभाचे कोरीव दगड सापडले. तो स्तंभ नदीवरच्या नावाड्यांनी तिबेर्य कैसराच्या कारकिर्दीत उभारला होता. ज्याच्या कारकिर्दीत आपला प्रभू वधस्तंभावर खिळला गेला, तोच हा कैसर (लूक ३:१). त्यांतील एका दगडावर सांबरासारखी शिंगे असलेला वृद्ध पुरुष कोरलेला असून त्याचे नाव केर्नुन्नोस असे दिले आहे. ग्रीक लोकांचा गुराख्यांचा देव पॅन, त्याला बकऱ्याची शिंगे व खूर. मंडळी त्या देशांत पसरली, जुने देव मागे पडले, आणि त्यांची शिंगे व खूर पुढे सैतानाच्या चित्रात आले. पहिल्या कित्येक शतकांत तसे नव्हते. इटलीत राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातील एका चित्रात मेंढरे व शेरडे वेगळी करणाऱ्या प्रभूच्या शेजारी निळ्या वस्त्रांचा एक देखणा दूत आहे. काही अभ्यासक त्यालाच ख्रिस्ती कलेतील पहिला सैतान मानतात. त्याला शिंगे नाहीत. सैतान प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो (२ करिंथ ११:१४) हे त्या कारागिराला नंतरच्या चित्रकारांपेक्षा अधिक कळले होते असे मला वाटते.

ही शिंगे मग जहाजांत बसून आपल्या देशात आली. लुदोविको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाचे पुस्तक १५१० साली छापले गेले. त्यात कालिकतच्या राजाच्या देवघरातील मूर्तीचे वर्णन आहे: मुकुट, चार शिंगे, विक्राळ तोंड. त्याने पाहिले त्यापेक्षा त्याच्या देशातील भिंतींवर रंगविलेला सैतानच त्या वर्णनात अधिक आहे, असे आज अभ्यासक म्हणतात. याउलट पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा गृहस्थ १६२३ साली सुरतेस आला, तेव्हा त्याने गावाबाहेरचा एक प्रचंड वड पाहिला. त्या वडाच्या बुंध्यावर एक वाटोळा तोंडवळा केलेला होता, त्याला लाल रंग फासलेला होता आणि सोन्यारुप्याचे डोळे बसविलेले होते. लोक त्याला पार्वतीचे स्थान मानून पूजा करीत. त्याने तोंडवळा पाहिला आणि तोंडवळा लिहिला. स्वतःच्या पदरची शिंगे त्याला जोडली नाहीत. मूर्तिपूजा त्यालाही मान्य नव्हती. तरी जे आहे ते पाहून लिहिणे हा साक्षीचाच भाग आहे. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा शेजाऱ्याच्या देवाविषयी बोलतानाही लागू असावी.

मग त्या तरुणाला काय सांगावे? पौल दोन गोष्टी सांगतो, आणि त्या एकमेकींना खोडतात की काय असे प्रथम वाटते. मूर्ती ही जगात काहीच नाही, असे तो १ करिंथच्या आठव्या अध्यायात म्हणतो. विदेशी लोक यज्ञ करतात तो भुतांना, असे दोनच अध्याय पुढे म्हणतो. लेवीय १७:७ मध्ये तर बोकडाच्या रूपातील भुतांना यज्ञ करू नये अशी इस्राएलाला ताकीदच आहे. म्हणजे दगड हा दगडच, पण भीतीने त्याच्यापुढे वाकणाऱ्या मनाला दुष्ट सत्ता बांधून ठेवते. म्हणून म्हसोबाला नारळ फोडणे, बकरे देणे, पीक राखण्याचा करार करणे हे ख्रिस्ती मनुष्याला चालावयाचे नाही. भाऊबंदांचे मन राखावे म्हणूनही नाही. यात मी कोठे सैल बोलत नाही.

परंतु दगड उपटणे हे वेगळे. तो तुकडा वाटणीत त्या तरुणाकडे आला तरी त्या दगडावरची श्रद्धा वाटणीत आलेली नाही; ती गावाची आहे. इफिसात पौल दोन वर्षे राहिला, त्याच्या शिकवणीने देव्हारे घडविणाऱ्या सोनारांचा धंदा बसू लागला, शहरात दंगा उसळला. तरी त्या नगराच्या अधिकाऱ्याला सर्वांसमोर कबूल करावे लागले की, ही माणसे देवळे लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत (प्रेषितांची कृत्ये १९:३७). ही साक्ष विदेशी मनुष्याने दिली आहे, म्हणून तिला वजन आहे. त्या तरुणाने दगडाला हात लावू नये, नारळही देऊ नये. शेजारचा चुलता पूजेला आला तर त्याला वाट द्यावी आणि आपण का येत नाही ते सरळ सांगावे. अंधारात दगड नदीत टाकणे ही भित्र्याची सुवार्ता झाली.

येथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण शिंगांची गोष्ट दगडापाशी संपत नाही.

मार्गारेट मरी ही विदुषी १८६३ साली कलकत्त्यात जन्मली. तिची आई मिशनकार्यासाठी या देशात आलेली. पुढे तिने लंडनमध्ये नाव कमावले ते इजिप्तच्या अभ्यासात. परंतु १९२१ साली तिने युरोपातील चेटकिणींवर एक पुस्तक लिहिले आणि असे मांडले की, ज्या स्त्रियांना चेटकिणी म्हणून जाळले त्या खरोखरच एका जुन्या गुप्त धर्माच्या उपासक होत्या, आणि त्यांचा देव शिंगांचा होता. इतिहासकारांना हे टिकणारे वाटले नाही. तिने छळाखाली घेतलेले कबुलीजबाब सोयीने निवडले होते. पण जेरल्ड गार्डनर याने १९५४ मध्ये आपल्या पुस्तकातून असाच धर्म आजही चालू असल्याचे जाहीर केले, तेव्हा प्रस्तावना मरीबाईंनीच लिहिली. आज पश्चिमेत पुष्कळ लोक शिंगांच्या या निसर्गदेवाची हौसेने पूजा करतात. आपल्याकडेही शहरातील शिकलेली माणसे अशी इंग्रजी पुस्तके वाचून जंगलाच्या देवांविषयी हळवी होतात. त्यांना मी सैतानाचे लेकरू म्हणणार नाही. रानाचा, पावसाचा, जनावराचा आदर आपल्या उपासनेत हरवला आहे ही त्यांची तक्रार पुरती खोटी नाही.

पण मरीबाईंच्या मांडणीत एक भयंकर गोष्ट लपलेली आहे. त्या स्त्रिया खरोखरच गुप्त पंथाच्या असतील, तर त्यांच्यावर आरोप करणारे निदान एवढ्यापुरते खरे ठरतात! पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटुकाच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्या कोण होत्या? बाप्तिस्मा घेतलेल्या, रविवारी मंडळीत बसणाऱ्या, गरीब, म्हाताऱ्या, कोणाशी तरी भांडलेल्या बायका. कोणत्याही शिंगांच्या देवाला त्या ओळखत नव्हत्या. न्यायाधीशाने त्यांच्या शेजारी शिंगांचा सैतान उभा केला, आणि पुढे विद्वानांनी शिंगांचा देव. बाई कोणी पाहिलीच नाही.

यात प्रॉटेस्टंट मागे नव्हते हे आपण आपल्याच मासिकात लिहिले पाहिजे. १६९२ साली अमेरिकेतील सेलम गावी एकोणीस जणांना फाशी दिले गेले, ती माणसे आणि त्यांचे न्यायाधीश एकच शास्त्र वाचणारे होते. त्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल १६९७ मध्ये बोस्टनच्या मंडळीत उभा राहिला आणि पाळकाने त्याचा अपराध-कबुलीचा कागद सर्वांसमोर वाचला. ॲमस्टरडॅमचा पाळक बाल्थाझार बेकर याने १६९१ मध्ये लिहिले की, सैतानाला आपण देतो तेवढे सामर्थ्य शास्त्र देत नाही. त्याच्या मंडळीने त्यालाच पाळकपणावरून काढले. चेटकिणीला जिवंत ठेवू नये हे वचन (निर्गम २२:१८) तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. त्याच अध्यायात चारच वचनांनंतर विधवेला जाचू नये, तिची हाक परमेश्वर ऐकेल, अशी आज्ञा आहे. ते वचन कोणाच्या तोंडी नव्हते.

सातपुड्याच्या आणि तापीकाठच्या खेड्यांत डाकीण हा शब्द आजही ऐकू येतो. गुजरातीत डाकण. मूल दगावले, म्हैस आटली, तापाने तरुण मनुष्य गेला, की भगताकडे किंवा भुव्याकडे जावयाचे. तो दाणे टाकतो, दिव्याकडे पाहतो, आणि शेवटी बोट कोणाकडे तरी वळते. ते बहुधा एकट्या राहणाऱ्या बाईकडे वळते, आणि पुष्कळदा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणे हेही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरात विधानसभेनेही तशा प्रकारचा कायदा मंजूर केला. कायद्याला ‘सैतान’ हा शब्द वापरावा लागला, यावर आपण थोडे थांबून विचार करावा.

आणि हे सारे ‘त्यांच्यातले’ आहे असे म्हणून सुटका नाही. अलीकडे आपल्याही काही प्रार्थनासभांत आजाऱ्यावर हात ठेवून सांगितले जाते की, तुझ्यावर करणी झाली आहे, आणि ती घरातल्याच बाईने केली आहे. नाव घेतले जात नाही, पण जाऊ कोण, नणंद कोण, हे घरच्यांना सांगावे लागत नाही. सभा ‘हालेलूया’ म्हणून उठते. त्या रात्री त्या घरात काय होते ते सभेला दिसत नाही. म्हसोबापुढे दाणे टाकणारा भगत आणि हा भविष्यवादी यांच्यात मला भेद दिसत नाही, एवढाच की दुसऱ्याच्या हातात पवित्र शास्त्र आहे.

शास्त्र सैतानाची ओळख कशी करून देते? प्रभू त्याला आरंभापासून मनुष्यघातक आणि लबाड म्हणतो (योहान ८:४४). प्रकटीकरण १२:१० मध्ये तो आपल्या बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा आहे. त्याच्या हिब्रू नावाचाच अर्थ विरोधक, आरोप करणारा. ही त्याची खरी शिंगे. तेव्हा गाव एका बाईभोवती जमून बोटे दाखविते, त्या वेळी तो कोठे उभा असतो? बाईच्या शेजारी खास नाही.

शुभवर्तमानांत प्रभूने कितीतरी भूतग्रस्तांना बरे केले. ते सर्व उतारे एकदा ओळीने वाचून पाहावेत. एकाही ठिकाणी ‘हे कोणी केले?’ असे त्याने विचारलेले नाही. कोणाची मेहुणी, कोणाची शेजारीण त्याने पुढे बोलावलेली नाही. जन्मांधाविषयी शिष्यांनी तसे विचारले, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, तेव्हा त्याने तो प्रश्नच बाजूला सारला (योहान ९:३). फिलिप्पैतही पौल दैवप्रश्न सांगणाऱ्या दासीवर नव्हे, तिला धरलेल्या आत्म्यावर संतापला. आणि यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांनी बोट दाखविले ते कोणाकडे? ह्याला बालजबूल लागला आहे, भुतांच्या अधिपतीच्या बळाने हा भुते काढतो, असे त्यांनी प्रभूविषयीच म्हटले (मार्क ३:२२). त्यांनी शिंगे घातली ती त्याच्याच डोक्यावर. डाकीण ठरविलेल्या बाईला हे वचन कोणी वाचून दाखविले आहे की नाही, ठाऊक नाही.

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलगा जमिनीवर पडून लोळत असतो, तोंडाला फेस असतो, भोवती गर्दी आणि वादविवाद. प्रभू बापाला एवढेच विचारतो की, ह्याला हे किती दिवसांपासून होत आहे. बाप सांगतो, लहानपणापासून.